वरची सही तिची

माझ्या मुलीच्या मानेवर, मागच्या बाजूला, एक काळपट पट्टा होता. मला तो मळ वाटायचा. ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी मी तो घासायला बसले. आधी साबणाने, मग खरखरीत फडक्याने. ती 'आई, दुखतंय' म्हणत होती आणि मी म्हणत होते, 'रोज नीट घासली असतीस तर ही वेळ आली नसती.' कातडी लालबुंद झाली. पट्टा होता तसाच राहिला.

वजन तर आधीपासूनच वाढत होतं. त्यासाठी एका डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाले, 'हिच्या तोंडाला कुलूप लावा.' ती काट्यावरून उतरेचना. खाली मान घालून तिथेच उभी. मी हाताला धरून तिला उतरवलं आणि गुपचूप बाहेर आले. मी तिथे एक अक्षर बोलले नाही, हे मला अजून बोचतं.

ती दहाची झाल्यावर आम्ही लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. या डॉक्टरांनी पहिल्यांदा तिला विचारलं, 'मी तुझी मान बघू का?' ती हो म्हणाल्यावरच केस बाजूला केले, पट्ट्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, 'ताई, हा मळ नाही. घासून जाणार नाही.' त्याला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. साखरेला रक्तातून पेशींत शिरू देणारं इन्शुलिन रक्तात खूप दिवस जास्त राहिलं की ते त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. मग मानेवर, काखेत कातडी जाड, मखमलीसारखी आणि काळसर होते. म्हणजे आतलं काहीतरी मानेवर उमटलं होतं आणि मी ते पुसून काढायला निघाले होते. घरी येताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, 'मला वाटायचं, मला नीट अंघोळच करता येत नाही.'

त्याच भेटीत डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये वयात येण्याच्या काळात इन्शुलिन, चरबी आणि इतर हार्मोन कसे बदलतात, हे दोन वर्षं पाहायचं होतं. फॉर्म दोन होते. माझा बारा पानांचा आणि तिचा तीन पानांचा, मोठ्या अक्षरातला, चित्रांसह. माझ्या फॉर्मवर एक वाक्य होतं: 'या अभ्यासामुळे आपल्या पाल्याला थेट फायदा होईलच असे नाही.' मी अडखळले. मी तर फायद्यासाठीच आले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की उपचार वेगळे आणि अभ्यास वेगळा. नाही म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही, आणि हो म्हणून मध्येच सोडलंत तरी नाही. अभ्यासातून निघेल ते पुढच्या मुलांसाठी. कोणत्याही संशोधनात मूल घालायचं असेल, तर हा फरक आधी स्वतःच्या मनात पक्का करून घ्या, असं मी आता सगळ्यांना सांगते. शेवटच्या पानावर सह्यांच्या दोन ओळी होत्या. वरची तिची, खालची माझी. आधी तिने करायची, मग मी. त्या दिवशी मला ती एक औपचारिकता वाटली.

पहिलं काम होतं जुनी वजनं गोळा करण्याचं. लसीकरणाचं कार्ड कपाटाच्या तळाशी सापडलं, शाळेच्या आरोग्य तपासणीच्या चिठ्ठ्या एका वहीत मिळाल्या. डॉक्टरांनी प्रत्येक नोंदीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, काढून जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखांवर एकेक टिंब मांडलं. पाच वर्षांपर्यंत २००६ चा आलेख, त्यापुढे २००७ चा. मोठ्यांसारखा एकच ठरलेला आकडा मुलांना लावत नाहीत, कारण वाढत्या वयात बीएमआय आपला आपण खालीवर होतो. पहिल्या वर्षानंतर तो घसरतो, साधारण पाच-सहाव्या वर्षी तळाला जातो आणि मग पुन्हा चढायला लागतो. या वळणाबद्दल फ्रान्समधल्या रोलाँ-काशेरा यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं होतं, की ते जितकं लवकर येतं तितकी पुढे लठ्ठपणाची शक्यता जास्त. माझ्या मुलीचं वळण चार पूर्ण व्हायच्या आधीच आलं होतं. मी त्या टिंबाकडे बघत राहिले. ते दिवस मला आठवत होते. 'आता कशी छान भरलीये' असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि मला धन्य वाटायचं. हावरटपणा करावा असं तिचं वयच नव्हतं, तेव्हा तिचं शरीर वळलं होतं.

तपासणीच्या दिवशी आदल्या रात्रीपासून पोट रिकामं ठेवून गेलो. सिस्टरने आधी दोन्ही हातांवर बधिर करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवली, कारण त्याला परिणाम करायला तासभर लागतो. तोवर मापं झाली. काटा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता आणि आकडा फक्त सिस्टरला दिसत होता. 'तुला ऐकायचाय का?' तिने विचारलं. मुलगी नाही म्हणाली. सिस्टरने मुकाट्याने लिहून घेतलं. कुलपाची भाषा ऐकलेल्या मुलीला हे किती मोठं वाटलं असेल, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. वजन ५६ किलो, उंची १४६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २६.३. दहा वर्षांच्या मुलीसाठी लठ्ठपणाची रेघ २२.६ च्या आसपास आहे.

मग ग्लुकोजची तपासणी. एकाच शिरेत बारीक नळी बसवली, म्हणजे पुन्हापुन्हा टोचायला नको. उपाशीपोटीचं रक्त घेतलं आणि ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. मुलांसाठी हिशोब दर किलोमागे १.७५ ग्रॅमचा असतो, पण जास्तीत जास्त ७५ ग्रॅम. तिच्या वजनाने ९८ ग्रॅम होत होते, म्हणून ७५ वरच थांबले. पाच मिनिटांत संपवायचं होतं. अर्ध्यावर तिला मळमळायला लागलं. सिस्टर शेजारी बसली आणि म्हणाली, 'छोटे घोट घे, घाई नाही, पण थांबू नको.' तिने डोळे मिटून संपवलं. त्यानंतर ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी रक्त. मधल्या वेळात पळायचं नाही, काही खायचं नाही, शांत बसायचं. प्रत्येक वेळी नळी भरली की सिस्टर ती लगेच बर्फात खोचायची. तिसऱ्या वेळी मुलीने विचारलं, 'बर्फात का?' सिस्टरने सांगितलं, की काही हार्मोन बाहेर राहिले तर मोडून जातात. आता हे रक्त यंत्रात फिरवून वरचा पाण्यासारखा भाग वेगळा काढायचा आणि उणे ८० अंशांवर गोठवून ठेवायचा. 'उणे ८०?' ती एकदम सरळ होऊन बसली. त्या सकाळी ती पहिल्यांदा हसली तेव्हाच.

दुपारी शेवटचा भाग होता. वयात येण्याची कोणती पायरी चालू आहे ते ठरवणं. ब्रिटिश डॉक्टर जेम्स टॅनर यांच्या नावाने पाच पायऱ्या आहेत, आणि या अभ्यासात ती माहिती लागतेच. वयात येताना प्रत्येक मुलाची, अगदी बारीक मुलाचीही, इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी घटते आणि वाढ पूर्ण होत आली की पुन्हा सुधारते. त्यामुळे पायरी माहीत नसेल तर आकड्यांतलं किती वजनामुळे आणि किती वयामुळे, ते सांगता येत नाही. हे सगळं मला समजलं होतं, पटलंही होतं. डॉक्टरांनी पडद्यामागे तपासायचं आहे असं सांगून मुलीला विचारलं. ती म्हणाली, 'नको.'

मी लगेच पुढे सरले. 'अगं, डॉक्टर आहेत त्या. दोन मिनिटांचं काम. सगळं झालंय, आता एवढ्यासाठी...' डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, 'ताई, ती नको म्हणाली.' मग तिला सांगितलं, की तपासणीऐवजी चित्रं आहेत, त्यातलं आपल्यासारखं कोणतं ते तिने एकटीने बघून खूण करायची. ती त्यालाही नको म्हणाली. डॉक्टरांनी त्या रकान्यात 'मुलीने नकार दिला' असं लिहिलं आणि पुढचं पान उलटलं.

मला राग आला होता, हे खरं सांगते. एवढी सकाळ खर्ची घातली, सुई सहन केली, आणि एका रकान्यासाठी सगळं अर्धवट. घरी जाताना ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'त्यांनी खरंच ऐकलं.' माझा राग तिथेच निवला. या मुलीच्या शरीराबद्दल नातेवाईक बोलायचे, शाळेतली मुलं बोलायची, मी बोलायचे. तिने नाही म्हटल्यावर कोणी थांबलं, असं बहुधा पहिल्यांदाच घडलं होतं.

आठवड्याभराने रिपोर्ट घ्यायला गेले. उपाशीपोटी साखर ९२. दोन तासांनी १३४. उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत म्हणजे नॉर्मल, एवढं मला माहीत होतं. मी खुर्चीत सैल झाले. डॉक्टरांनी खालच्या ओळीवर पेन ठेवलं. उपाशीपोटीचं इन्शुलिन २४. साखर आणि इन्शुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागायचं. शरीर इन्शुलिनला किती जुमानत नाही याचा अंदाज देणारं, १९८५ पासून वापरात असलेलं हे होमा नावाचं गणित. उत्तर आलं साडेपाचच्या आसपास. डॉक्टर म्हणाल्या, मुलांसाठी सगळीकडे मान्य झालेली एकच रेघ नाही, पण हे जास्त आहे यात शंका नाही. ग्लुकोज प्यायल्यावर तर इन्शुलिन १९० पर्यंत गेलं होतं.

त्यांनी ज्या शब्दांत सांगितलं ते मी तसंच लक्षात ठेवलंय. 'एका हाकेत जिथे दार उघडायला हवं, तिथे हिच्या शरीराला दहा हाका माराव्या लागतात. दार अजून उघडतंय, म्हणून साखर नॉर्मल दिसते. हाका मारणारं स्वादुपिंड मात्र दमतंय.' स्नायू आणि यकृत इन्शुलिनचं ऐकेनासे होतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्शुलिन चरबी साठवायला मदत करतं आणि साठलेली चरबी मोडू देत नाही. सोनोग्राफीत यकृतावरही थोडी चरबी दिसली होती. नुसती साखर तपासून 'सगळं ठीक आहे' म्हणत घरी परतणाऱ्या आयांमध्ये मीही असते.

थायरॉइडचा किस्सा मात्र उलटा. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ६.१ आलं, थोडं जास्त. घरात एकदम सुटकेची लाट. 'बघा, थायरॉइडच होता!' गोळी घेतली की वजन उतरणार, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. डॉक्टरांनी फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, पाहिलं, ते नॉर्मल होतं, आणि गोळी द्यायला नकार दिला. लठ्ठपणात टीएसएच थोडं वाढलेलं सापडतं आणि वजन आटोक्यात आलं की बरेचदा आपोआप खाली येतं. म्हणजे ते कारण नसून परिणाम असतो. पुरावा त्यांनी मला तिच्या उंचीत दाखवला. थायरॉइड खरंच मंदावला असता किंवा शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त झालं असतं, तर वजन वाढताना तिची उंची खुंटली असती. ही तर वर्गातल्या मुलींपेक्षा उंच होती, डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय साडेअकरा निघालं होतं. जास्त खाण्यातून वाढणारी मुलं बहुधा उंचही लवकर होतात. वजन वाढतंय आणि उंची थांबलीये, अशा मुलाला मात्र उशीर न करता दाखवायला हवं.

तरी मला एक आशा होतीच. मी लेप्टिनबद्दल वाचलं होतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये हे शोधलं. चरबीच्या पेशी मेंदूला 'पुरे आता' असा निरोप पाठवतात, तो हा हार्मोन. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दोन चुलत भावंडं सापडली, ज्यांच्या शरीरात तो तयारच होत नव्हता. त्यांतल्या नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर तिची अनावर भूक शमली आणि वजन उतरलं. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. मी विचारलं, 'हिचंही कमी असलं तर?' डॉक्टरांनी तो आलेख पुन्हा समोर ओढला. ती मुलं जन्मल्यानंतर काही महिन्यांतच झपाट्याने वाढायला लागतात, भुकेने रडरड रडतात. हिच्या पहिल्या तीन वर्षांची टिंबं अगदी शहाण्यासारखी मधल्या रेघेवर होती. बहुतेक लठ्ठ मुलांमध्ये लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं, पण मेंदू ते ऐकत नाही. बाहेरून आणखी देऊन उपयोग होत नाही. तिच्या गोठवलेल्या रक्तातलं लेप्टिन अभ्यासासाठी मोजणार होते, पण तो आकडा आम्हाला मिळणार नव्हता, कारण त्यावरून तिच्या उपचारात काही ठरणार नव्हतं. ते स्वीकारायला मला वेळ लागला.

त्या संभाषणातून माझ्या हाती एक गोष्ट आली. तिचा मेंदू 'पुरे' हा निरोप ऐकत नसेल, तर जेवून उठल्यावर तिला लागणारी भूक खरी होती. मी तिला म्हणायचे, 'खोटी भूक आहे ती.' ते वाक्य मी बंद केलं.

डेक्सा स्कॅनमध्ये शरीरातली चरबी ४१ टक्के निघाली. बीएमआय असताना हे कशाला, असं मी विचारल्यावर डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली छापून आलेला एक फोटो दाखवला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांची चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काटा दोघांना सारखंच म्हणतो, शरीर सारखं नाही. वजन वाजवी असलेल्या माझ्या धाकट्या मुलाकडेही मी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघायला लागले.

मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र सात दिवस बांधायचं होतं. ती आळशी आहे असं आम्ही धरून चाललो होतो. इंग्लंडच्या प्लिमथमध्ये सुमारे ३०० मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या 'अर्लीबर्ड' अभ्यासात उलटं दिसलं होतं, की आधी चरबी वाढते, मग हालचाल कमी होते. एका अभ्यासाने सगळं ठरत नाही, व्यायामाचे इतर फायदे आहेतच. पण तिला पायऱ्यांवर धाप लागताना बघून 'आळशी' म्हणणं मला तरी पुन्हा जमलं नाही.

उपचार म्हणाल तर अख्ख्या घराचे झाले. जो नियम तिला, तोच सगळ्यांना. गोड पेयं घरातच आणायची नाहीत, जेवताना टीव्ही-मोबाइल बंद, रात्री झोपेची वेळ ठरलेली, रोज तासभर तिच्या आवडीची हालचाल. तिला पोहायला आवडतं हे आम्हाला तेव्हा कळलं. औषधाबद्दलही विचारलं. बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली आहे. डॉक्टर म्हणाल्या, गरज पडली तर बोलू, आत्ता नाही.

वर्षभराने वजन ६० किलो. माझा चेहरा पडला. उपाशीपोटीचं इन्शुलिन २२, म्हणजे जवळपास जैसे थे. डॉक्टर मात्र खूश. उंची १५२ झाली होती, बीएमआय २६ वर आला होता, आणि वयात येण्याच्या ऐन चढावर इन्शुलिन वाढलं नाही हेच मोठं होतं. टीएसएच गोळीशिवाय ४.२ वर उतरलं होतं. त्या वेळी चित्रांचा कागद तिने स्वतः मागितला, पडद्यामागे जाऊन खूण केली आणि घडी घालून थेट सिस्टरच्या हातात दिला. मला दाखवला नाही.

दोन वर्षांनी वजन ६४, उंची १५८, बीएमआय २५.६. बारा वर्षांच्या मुलीसाठी लठ्ठपणाची रेघ २५ च्या जवळ असते. म्हणजे दोन वर्षांत आठ किलो वाढूनही ती रेघेला जवळजवळ टेकली होती. मुलांचं वजन उतरवावंच लागतं असं नाही. उंचीला पुढे जाऊ दिलं तरी पुष्कळ साधतं. उपाशीपोटीचं इन्शुलिन १९ होतं. मानेवरचा पट्टा फिकट झालाय, गेलेला नाही.

त्याच दिवशी अभ्यास आणखी तीन वर्षं वाढवण्याचा फॉर्म समोर आला. या वेळी तिने सगळी पानं स्वतः वाचली. एका चौकटीपाशी थांबली. गोठवलेले नमुने पुढे जनुकांच्या अभ्यासासाठी वापरू का, असा प्रश्न होता. तिने डॉक्टरांना विचारलं, 'त्यातून माझ्या भावाबद्दलपण कळेल?' डॉक्टर म्हणाल्या, काही गोष्टी कळू शकतात. 'मग आधी त्याला विचारते,' असं म्हणून तिने ती चौकट रिकामी ठेवली, बाकीच्यांवर खुणा केल्या आणि वरच्या ओळीवर सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मी पेन माझ्याकडे येण्याची वाट बघत होते.